मागूनच गेलंय

“पीछे से ही दिक्कत है.” लखनौच्या मानक नगरात नेट दुरुस्त करायला आलेला मुलगा एवढं बोलतो आणि शिडी उचलतो. पुण्यात, नाशकात, सोलापुरात त्याच्याच वयाचा मुलगा सांगतो, “मागूनच गेलंय.” तुमच्या घरात त्याला काही सापडलेलं नसतं, खांबावरच्या डबीतही नसतं, आणि तुम्ही वाट पाहावी अशी त्याची अपेक्षा असते. या ‘मागे’ काय असतं, तिथं काय बिघडतं आणि ते तिथंच बिघडलं हे गिऱ्हाइकानं कसं दाखवायचं, हे मी बराच काळ समजून घेतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नेट एकदा जाऊन तासन् तास आलं नाही, तर बहुतेकदा कुठेतरी तार तुटलेली असते. पण ते पुन्हा पुन्हा तुटत असेल आणि दोन मिनिटांत आपोआप परत येत असेल, तर आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे पाहावं. हा दोष आपल्याकडे कधी कागदावर येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

मानक नगर लखनौच्या दक्षिण अंगाला, आलमबागच्या शेजारी आहे. चारबागहून कानपूरकडे निघालं की पहिलं छोटं स्टेशन याच नावाचं. इथं रेल्वेची संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना आहे. सगळे तिला आरडीएसओ म्हणतात. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर यांना एकत्र करून १९५७ मध्ये ती उभी राहिली. रूळ, डबे, पूल, सिग्नल, केबल, भारतीय रेल्वेत कोणती वस्तू कशी असावी याचे नियम इथं लिहिले जातात. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ‘एक देश, एक मानक’ या योजनेखाली मानकं तयार करणारी पहिली संस्था म्हणून मान्यता दिली, तीही आरडीएसओला. रेल्वेच्या नोकरीमुळे देशभरातली कुटुंबं इथल्या क्वार्टरांमध्ये राहतात. त्यांतलं एक माझ्या मावसबहिणीचं.

ताई गाणं शिकवते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं, पुढे त्याला भातखंड्यांचंच नाव मिळालं. तिथं शिकलेली ताई आता घरूनच शिकवते. शिष्य कोल्हापुरात, पुण्यात आणि एक न्यू जर्सीत. नेट तुटतं तेव्हा तिचं काय होतं हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. विलंबित ख्याल चालू असतो, शिष्या मुखडा पकडून समेकडे निघालेली असते, आणि पडद्यावरचा चेहरा थिजतो. दोन-तीन मिनिटांनी सगळं परत येतं, पण तोवर तानपुऱ्यावरचं लक्ष उडालेलं असतं आणि ताल पुन्हा पहिल्या मात्रेपासून धरावा लागतो. कधी हे शिकवणीच्या मध्यावर व्हायचं, कधी पहाटे, कधी घरात कोणी नसताना. सगळ्यांचा समज होता की यात काही ताळमेळच नाही.

कंपनीची माणसं आली नाहीत असं नाही. एकानं पॅच कॉर्ड बदलली. दुसऱ्यानं बाहेरचा जॉइंट कापून नवा स्प्लाइस मारला आणि मीटर दाखवून म्हणाला, “पॉवर मायनस बाईस है, एकदम ठीक.” तिसऱ्यानं राउटर बदलला. फोनवरच्या मुलीनं कंपनीचं ॲप टाकून त्यातलं ‘दुरुस्त करा’ हे बटण दाबायला सांगितलं. मायक्रोवेव्हपासून राउटर दूर ठेवण्याचा सल्लाही मिळाला. या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात शिडी, मीटर आणि नवा राउटर एवढंच असतं. ज्या यंत्रात दोष आहे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं.

ताईचे यजमान सिग्नल विभागातले. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता: “किती वाजता गेलं?” घरात कोणालाच नेमकं सांगता येईना. भावोजी म्हणाले, “वेळ नसेल तर फेल्युअर शोधायचं कसं?” सिग्नलच्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा का सुचतो, ते समजून घेण्यासारखं आहे. रेल्वेच्या स्टेशनांवर डेटा लॉगर नावाचं यंत्र असतं, आणि ते कसं असावं याचा नियमही आरडीएसओनंच लिहिला आहे. सिग्नलच्या यंत्रणेतला प्रत्येक रिले उचलला वा पडला की त्याची नोंद वेळेसकट होते. सिग्नल लाल का राहिला याची चौकशी निघाली की आधी ही नोंद काढतात. कोणता रिले आधी पडला आणि कोणता मागाहून, यावरून बिघाड पॉइंटात, ट्रॅक सर्किटात की केबिनमध्ये, हे कळतं. भावोजींनी घरच्या नेटसाठी तेच केलं. एक वही घेतली आणि जुना लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून रात्रंदिवस चालू ठेवला.

वहीत काय निघालं ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे नेट तुटण्याचा इतिहास जवळजवळ आपल्याकडच्या इंटरनेटइतकाच जुना आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई हे त्याचं प्रमुख केंद्र. टेलिफोनच्या तारेवर मोडेमचा चिरका आवाज, मग लॉगिन, मग पाच-दहा मिनिटांत ‘कॅरियर’ नाहीसा. त्या काळी दोष खरोखरच बहुधा तारेचा असे. पावसात भिजलेली केबल, एक्स्चेंजमधली गोंगाटी लाइन. कॉल वेटिंग घेतलेल्या घरात दुसरा फोन आला की त्याच्या ‘टुक’ आवाजानंही जोडणी सुटायची. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढे मोडेमच्या खोक्यात सीडी येऊ लागली. ‘ही टाकल्याशिवाय नेट चालणार नाही,’ असं सांगितलं जायचं. दोषाचं ठिकाण तेव्हापासून खांबावरून संगणकात सरकू लागलं.

अमेरिकेत याच सुमारास एक प्रकरण कोर्टात गेलं. अमेरिका ऑनलाइन कंपनीनं ऑक्टोबर १९९९ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती आणली. ती टाकताना ‘हो’ म्हटलं की ती संगणकाच्या जोडणीच्या सगळ्या मांडण्या आपल्या सोयीनं बदलते आणि दुसऱ्या कंपनीचं नेट मग लागतच नाही, अशा तक्रारी आल्या. २००० च्या सुरुवातीला गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन दावे लावले. इंटरनेट विकणाऱ्याचं सॉफ्टवेअर हेच इंटरनेट बंद पडण्याचं कारण असू शकतं, ही गोष्ट तिथं न्यायालयासमोर मांडली गेली.

आपल्याकडे १४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्राय बँड सुरू झालं. त्याआधीपासून केबलवाल्यांचं नेट होतंच. या जोडण्यांचा कणा म्हणजे पीपीपीओई हा प्रोटोकॉल. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. विंडोज एक्सपी येईपर्यंत, म्हणजे २००१ च्या ऑक्टोबरपर्यंत, विंडोजला तो मुळातून येत नव्हता. त्यामुळे एंटरनेट ३००, विनपोएट असली बाहेरची डायलर सॉफ्टवेअर टाकावी लागत. ती संगणकात खोट्या नेटवर्क कार्डासारखी जाऊन बसत, आणि काढून टाकली तरी मागे अवशेष ठेवत. विंडोजमध्ये विन्सॉक नावाची एक पायरी असते. कुठलाही प्रोग्रॅम नेटवर जाताना तिच्यातून जातो. तिच्यात बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपली कडी अडकवता येते: नेट वेगवान करणारी, जाहिराती दाखवणारी, वापर मोजणारी. यांतली एक कडी निष्काळजीपणे काढली की साखळीच तुटते. मग खाली ‘जोडलेले आहे’ असं दिसतं आणि एकही पान उघडत नाही. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ‘नेटश विन्सॉक रिसेट’ ही आज्ञा आली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला विंडोज नव्यानं न टाकता यातून सुटता आलं. त्याआधी किती संगणक नुसत्या या कारणासाठी फॉरमॅट झाले असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं. त्यांत लोकांचे फोटो होते, हिशेब होते.

केबलच्या नेटचा आणखी एक प्रकार ज्यांनी त्या काळी वापरला त्यांना नक्की आठवेल. लॉगिन केलं की ब्राउझरची एक छोटी खिडकी उघडी राहायची, आणि ती बंद केली की नेट बंद. अहमदाबादच्या एलिटकोअर कंपनीचं ‘२४ ऑनलाइन’ किंवा तशाच धाटणीची बिलिंग सॉफ्टवेअर अनेक केबल कंपन्यांकडे होती. ती खिडकी ठरावीक वेळानं सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवायची. निरोप चुकला की सर्व्हर माणूस उठून गेला असं धरून जोडणी कापायचा. मोठी फाइल उतरत असताना संगणक अडखळला आणि निरोप उशिरा गेला, तरी तेच. सिफीच्या केबल ब्रॉडबँडला कंपनीचा स्वतःचा क्लायंट लागायचा, आणि तो नकोसा झाल्यानं लिनक्स वापरणाऱ्या मंडळींनी त्याला पर्यायी प्रोग्रॅम लिहिले. वायर धडधाकट, मोडेम धडधाकट, आणि पैसे मोजण्यासाठी बसवलेला प्रोग्रॅमच जोडणी तोडतो, हे अनेकांनी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

आज सीडी गेली, खिडकी गेली. पण तो हिशेबनीस गेलेला नाही. तो घराबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर बसला आहे.

घरचा राउटर चालू झाला की आधी तो मोठ्यानं विचारतो, ‘इथं कोणी सर्व्हर आहे का?’ सर्व्हर उत्तर देतो, राउटर जोडणी मागतो, सर्व्हर तिला एक क्रमांक देतो. मग नाव आणि पासवर्ड जातो रेडियस नावाच्या दुसऱ्या सर्व्हरकडे. हे गिऱ्हाईक आपलं आहे का, पैसे भरलेत का, वेग किती द्यायचा आणि एका बैठकीत किती वेळ जोडून ठेवायचं, हे तो सांगतो. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. रेडियसच्या उत्तरात ‘सेशन टाइमआउट’ नावाचा एक रकाना असतो, त्यात सेकंद लिहिलेले असतात. ते संपले की सर्व्हर जोडणी सोडतो. रेल्वे स्टेशनांवरच्या रेलवायर वायफायवर दिवसाची पहिली तीस मिनिटं फुकट असतात आणि मग नेट थांबतं. तिथं वेळ संपल्यावर थांबणं हा नियम असतो आणि तो आधी सांगितलेला असतो. घरच्या महिन्याच्या पॅकला असा नियम असायचं कारण नाही. पण सर्व्हरवर एक पॅक दुसऱ्या पॅकची नक्कल करून बनवला जातो, आणि जुन्या पॅकमधला आकडा नव्यात तसाच राहून जाऊ शकतो.

जोडणी कशी तुटली हे राउटरच्या नोंदीत दिसतं, पण ती कोणी वाचत नाही. प्रकाशाचा धागाच तुटला तर मोडेमवर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. दिवे ठीक आहेत आणि नोंदीत ‘एलसीपी टाइमआउट’ आहे, तर राउटर नि सर्व्हर एकमेकांना हाका मारत होते आणि मध्येच उत्तर येईनासं झालं. सर्व्हरवर ताण असेल, वाटेतला स्विच अडकला असेल, किंवा राउटरचं फर्मवेअरच झोपलं असेल. आणि ‘पीएडीटी’ आला असेल, तर पलीकडून सर्व्हरनं स्वतःहून ‘आता बंद’ असं कळवलं आहे. ही चार अक्षरं सापडली की पॅच कॉर्ड बदलण्यात अर्थ नाही.

भावोजींच्या लॅपटॉपवर तीन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक घरच्या राउटरला दर सेकंदाला पिंग करत होती, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारत होती; दुसरी कंपनीच्या पहिल्या गेटवेला, तिसरी गुगलच्या ८.८.८.८ ला. नेट गेलं की पहिलीत उत्तरं चालू आणि पुढच्या दोन्हींत शांतता. घरचं वायफाय आणि मायक्रोवेव्ह त्याच क्षणी निर्दोष सुटले. मोडेमवर लाल दिवा नव्हता. राउटरच्या नोंदीत पीएडीटी होता.

तरीही वेळांचा मेळ लागेना. सकाळी सव्वासात, मग सव्वाअकरा, मग दुपारी पावणेदोन, मग पावणेसहा. वही पुढे ठेवून भावोजी बराच वेळ बसले, आणि त्यांना वीज आठवली. दीडच्या थोडं नंतर लाइट गेली होती. राउटर बंद पडून पावणेदोनला पुन्हा चालू झाला होता. ते तुटणं विजेचं होतं. त्यांनी घड्याळातली वेळ सोडून दिली आणि प्रत्येक वेळी शेवटची जोडणी लागल्यापासून किती वेळ गेला ते मोजलं. आकडा दर वेळी एकच आला: चार तास. सेकंदांत चौदा हजार चारशे.

ऊन, पाऊस, माकडांनी ओढलेली केबल, सैल कनेक्टर, यांतलं काहीही चार-चार तासांची मुदत पाळत नाही. असा गोल आकडा माणूसच टाकतो. मधूनमधून वीज जात असल्यामुळे मोजणी दर वेळी नव्यानं सुरू होई, आणि म्हणूनच सगळं इतके दिवस बेताल वाटत होतं. दोन-तीन मिनिटांचा उशीरही सर्व्हरचाच होता. जोडणी तुटल्यावर राउटर लगेच नाव-पासवर्ड पाठवायचा, पण रेडियसच्या वहीत जुनी बैठक अजून ‘चालू’ असायची. एका नावावर एकच जोडणी हा नियम, म्हणून नव्या जोडणीला नकार. विंडोजवरून थेट जोडणाऱ्यांना अशा वेळी ‘एरर ६९१’ दिसतो. त्याचा छापील अर्थ पासवर्ड चुकला असा आहे, त्यामुळे माणूस पासवर्ड बदलत बसतो. ६९१ थोड्या वेळानं आपोआप बरा होत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हरची वही मागे पडली आहे, एवढं समजावं. ६७८ किंवा ६५१ हे वेगळे. त्यांत सर्व्हरपर्यंत हाकच पोचलेली नसते.

भावोजींनी वेळांचा तक्ता आणि राउटरच्या नोंदीची पानं जोडून तक्रार लिहिली. तक्रार क्रमांक घेतला आणि पुन्हा माणूस पाठवू नका, हे सेशन टाइमआउट तपासणाऱ्या विभागाकडे द्या, असं स्पष्ट लिहिलं. नंतर एका संध्याकाळी फोन आला, राउटर एकदा बंद करून चालू करायला सांगितलं, आणि चार तासांचा तो नियम गेला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, “अब ठीक है ना सर?” लेखी काहीच आलं नाही. त्याच पॅकवर असलेल्या इतर घरांचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. माझी खरी तक्रार इथं आहे. एका घराच्या चिकाटीनं एक आकडा सुधारला, पण ज्या चुकीमुळे तो तिथं आला तिची नोंद कुठेच झाली नाही.

सॉफ्टवेअरचे दोष याहून लबाडही असतात. एक नेहमीचा सांगतो. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात; पीपीपीओई त्यातले ८ स्वतःला घेतो, उरतात १४९२. कंपनीच्या यंत्रानं किंवा राउटरनं ही मर्यादा पुढच्यांना नीट कळवली नाही, तर छोटी पानं झटकन उघडतात आणि बँकेचं लॉगिन किंवा मोठ्या जोडपत्राची मेल अर्ध्यावर अडकते. गिऱ्हाइकाला वाटतं नेट तुटतंय. कंपनी म्हणते स्पीड टेस्ट तर उत्तम आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. विंडोजमध्ये पाकिटाचे तुकडे न करण्याच्या अटीवर १४६४ बाइटांचा पिंग पाठवून पाहावा. तो जात नसेल आणि त्याहून लहान जात असेल, तर राउटरमधली पाकिटाची ही मर्यादा, म्हणजे एमटीयू, कमी करून फरक पडतो का ते बघावं.

राउटरमधलं सॉफ्टवेअर हा तर स्वतंत्र विषय आहे. २००४ पासून टीआर-०६९ नावाच्या पद्धतीनं कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या घरचा मोडेम दुरून हाताळता येतो. फर्मवेअर बदलता येतं, मांडणी बदलता येते. सोय मोठी आहे, पण त्यासाठी उघडं ठेवलेलं ७५४७ क्रमांकाचं दार साऱ्या जगाला उघडं राहिलं तर? नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा अशाच हल्ल्यात कोलमडली. त्यांचे राउटर विषाणूच्या ताब्यातही गेले नव्हते. दारावर पडणाऱ्या थापांनीच ते बंद पडत होते. पुढच्या वर्षी पाळी आपली. जुलै २०१७ मध्ये ब्रिकरबॉट नावाच्या प्रोग्रॅमनं बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या जाळ्यातल्या मोडेमांना गाठलं. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड घरोघरी तसाच होता. साठ हजारांच्या आसपास मोडेम निकामी झाले आणि बीएसएनएलनं ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. सल्ला योग्य होता. पण तो पासवर्ड काय असतो आणि कुठे बदलायचा, हे मोडेम बसवताना किती जणांना दाखवलं होतं? जोखीम कंपनीच्या मांडणीत होती आणि दुरुस्तीचं काम ग्राहकाच्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण कॅनडाचं. ८ जुलै २०२२ च्या पहाटे रॉजर्स कंपनीचं जाळं देशभर बंद पडलं. सव्वा कोटीच्या घरातले ग्राहक, डेबिट कार्डांची इंटरॅक यंत्रणा, काही ठिकाणी तर आणीबाणीचा ९११ सुद्धा. टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन भागात मोठ्या संख्येनं मराठी घरं आहेत. त्या दिवशी तिथल्या लेकरांशी इकडून बोलणं किती आईवडिलांना जमलं नसेल! कारण सॉफ्टवेअरमधलंच होतं. जाळ्याच्या मुख्य यंत्रणेच्या सुधारणेचं काम चालू असताना राउटरमधली एक चाळणी काढली गेली, आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा आत येऊन मुख्य राउटर बुडाले. पण पुढचं पाहा. तिथल्या नियामक आयोगानं लेखी प्रश्न पाठवले, कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं, ते प्रसिद्ध झालं, काही मजकूर झाकलेला असला तरी. नंतर स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवालही आला. ग्राहकांना पाच दिवसांच्या भाड्याची सूट मिळाली. चूक कशी झाली, हे आज कोणालाही वाचता येतं.

आपल्याकडे मोबाइलच्या कॉल ड्रॉपवर एवढी चर्चा तरी झाली. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०१५ मध्ये तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा परतावा ठरवला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. तरी कॉल ड्रॉपचं मोजमाप राहिलं, त्याची कमाल मर्यादा राहिली, आकडे प्रसिद्ध होतात. घरच्या तारेच्या इंटरनेटला हे भाग्य नाही. ऑगस्ट २०२४ च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनी बऱ्याच गोष्टी कडक केल्या. तारेची सेवा बिघडून तीन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर ग्राहकाला भरपाई आहे. दंडाची रक्कमही वाढली. पण हे सारं ‘बंद’ सेवेचं झालं. चार तासांनी तुटून तीन मिनिटांनी परत येणारं नेट या हिशेबात बसत नाही. महिनाभर ते रोज सहा वेळा तुटलं तरी अहवालात सेवा जवळजवळ शंभर टक्के उपलब्ध दिसेल. ज्याची शिकवणी, मुलाखत, परीक्षा किंवा डॉक्टरशी बोलणं त्या तीन मिनिटांत होतं, त्याच्यासाठी मात्र ती शंभर टक्के बंद होती.

माझी मागणी छोटी आहे. महिन्याभरात एका ग्राहकाची जोडणी किती वेळा तुटली आणि प्रत्येक वेळी ती सर्व्हरनं तोडली, राउटरनं की धाग्यानं, ही माहिती कंपनीकडे असतेच. रेडियसच्या हिशेबात बैठक सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि संपण्याचं कारण असे रकाने प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनीच ठेवले आहेत. ते बिलासोबत ग्राहकाला दाखवावेत. नवं यंत्र लागत नाही, नवा कायदाही कदाचित लागणार नाही; ट्रायनं एक ओळ वाढवली तरी पुरे. रेल्वेच्या सिग्नलला जी नोंद अनिवार्य वाटते ती आपल्या घरच्या जोडणीला फाजील का वाटावी, हे मला कळत नाही.

तोवर वाचकांनी स्वतःची नोंद ठेवावी. तुटण्याची आणि परत येण्याची वेळ लिहा, मोडेमवरचे दिवे पाहा, वीज कधी गेली तेही लिहा. एक संगणक वायफायवर न ठेवता केबलनं जोडा. शेवटच्या जोडणीपासूनचा काळ मोजा. कंपनीचं ॲप वा जुनं डायलर संगणकात असेल तर ते काढून एकदा तपासा. राउटरच्या नोंदीचं पान जपून ठेवा. राउटर बंद करून चालू केला की बहुतेकदा ते पुसलं जातं, म्हणून आधी फोटो काढा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मागा आणि ‘आता ठीक आहे’ यावर न थांबता कारण लेखी मागा. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही तरतूद आहे आणि अपिलाला पैसे पडत नाहीत.

तिथंही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचं दार आहे. मधली बरीच वर्षं ते बंद होतं. टेलिफोनची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही, असा अर्थ २००९ च्या एका निकालातून काढला जात होता. अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाला २४ हजारांवर बिल आलं, त्यानं २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निर्णय दिला की दूरसंचार ही ग्राहक कायद्याखालचीच सेवा आहे आणि ग्राहकाला आयोगाकडे जाता येईल. जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला कोणतंही शुल्क नाही, आणि वकीलही लावावा लागत नाही.